कालव्याच्या मुखावरचे पाणी : नांदूर मधमेश्वर कसे पाहावे?



गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्याला पाणी सुटले म्हणजे आपल्याकडे एकच चर्चा असते. आवर्तन किती दिवसांचे, आपल्या चारीची पाळी कधी, आणि टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचणार की मधेच जिरणार. पण हे पाणी ज्या ठिकाणाहून कालव्यात शिरते ते ठिकाण आपल्यापैकी किती जणांनी सावकाश पाहिले आहे? बंधाऱ्यावरून जाणे-येणे झाले असेल, श्रावणात मध्यमेश्वर महादेवाचे दर्शनही झाले असेल. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पसरलेल्या उथळ पाण्यात काय चालले आहे, तिकडे मात्र सहसा नजर जात नाही. लांबलांबची माणसे गळ्यात दुर्बीण अडकवून ते पाहायला येतात, आणि ज्यांचा ऊस त्या पाण्यावर उभा आहे ते आपण घरी!

म्हणून या वेळच्या अभ्यास-लेखासाठी आम्ही नांदूर मधमेश्वर हा विषय घेतला आहे. हा लेख वाचून सभासदांनी एखाद्या रविवारी घरच्या मंडळींसह तिकडे जाऊन यावे, काय पाहायचे ते आधी ठाऊक असावे, आणि परत आल्यावर आपल्या फडाकडे, बांधाकडे, ओढ्याकडे एकदा नीट पाहावे, एवढा आमचा हेतू आहे.

१. ही जागा तयार कशी झाली?

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. इगतपुरीच्या डोंगरातून दारणा येते आणि गोदावरीला मिळते. दिंडोरीकडून कादवा येते. गोदावरी आणि कादवा यांचा संगम निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरजवळ होतो. या संगमावर इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, दगडी बंधारा बांधला गेला. मोठा साठा वर दारणा धरणात करायचा, ते पाणी नदीतून खाली आणायचे, आणि नांदूर मधमेश्वरला बंधाऱ्याने अडवून दोन्ही कालव्यांत वळवायचे, अशी ती योजना.

का बांधला, हेही समजून घेतले पाहिजे. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यात निफाड-सिन्नर-येवल्याकडे पाचशे-सहाशे मिलिमीटरची मारामार. सह्याद्रीने ढग अडवले की अलीकडे पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख लागतो. या कोरड्या मुलखात पाटपाणी फिरले, आणि कोपरगाव-राहात्यापर्यंत उसाचे मळे उभे राहिले. पुढे याच ठिकाणाहून वैजापूर-गंगापूरकडे जलदगती कालवाही निघाला. पावसाळ्यात रोज बातमी येते की नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्यूसेक पाणी सोडले. ते हेच ठिकाण.

तेव्हा ध्यानात घ्या, हे तळे देवाने दिलेले नाही. ते पाटबंधाऱ्याच्या कामातून निर्माण झाले. माणसाने पाणी अडवले शेतीसाठी, आणि त्या पाण्याला पाखरांनी आपले घर केले.

२. गाळ : शाप आणि वरदान

नदीचे पाणी जोरात वाहत असते तोवर माती पाण्यात तरंगत जाते. बंधाऱ्याने वेग मोडला की जड कण आधी खाली बसतात, बारीक कण मागाहून. शंभराहून अधिक पावसाळे हे चालले आहे. दर पुराबरोबर वरच्या तालुक्यांतली माती येते आणि बंधाऱ्याच्या पोटात साचते. त्यामुळे मूळ साठवण पुष्कळ घटली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा सरळ तोटा.

पण पाखरांच्या हिशेबात उलटे झाले. खोल जलाशयात पाणपक्ष्यांना फारसे काही मिळत नाही. गाळामुळे येथे मधेमधे बेटे तयार झाली, काठाला दलदल झाली, कोठे घोट्याएवढे, कोठे गुडघ्याएवढे, तर कोठे पुरुषभर असे निरनिराळ्या खोलीचे पाणी तयार झाले. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते. ऊन पोचले की पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आधाराने किडे, गोगलगायी, बेडूक, मासे वाढतात. आणि जेथे एवढा भरलेला कोठार, तेथे पाखरे आली नाहीत तरच नवल.

पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी ही जागा पाहून तिला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे पक्षिनिरीक्षक अभिमानाने सांगतात. १९८६ साली शासनाने येथे पक्षी अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मधमेश्वरला ‘रामसर स्थळ’ म्हणून मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. रामसर हे इराणमधल्या एका गावाचे नाव. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी जगातल्या पाणथळ जागा राखण्याचा करार झाला, आणि भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या यादीत बसलेले महाराष्ट्रातले पहिले ठिकाण म्हणजे आपले नांदूर मधमेश्वर. लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी ही नावे त्यानंतर आली.

३. पाहुणे केव्हा येतात?

पाखरांचा हंगाम आणि आपला गाळप हंगाम जवळजवळ एकच आहे. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो, मोळी पडते, बीड-पाथर्डीकडून ऊसतोड मजूर बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन आपल्या शिवारात उतरतात. त्याच सुमाराला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उत्तरेकडून बदकांचे थवे नांदूरच्या पाण्यावर उतरू लागतात. गाळप संपून मजूर घराकडे वळतात तेव्हा, मार्चच्या पुढेमागे, पाखरेही परतीच्या वाटेला लागतात. दोघांनाही घर सोडावे लागते ते पोटासाठीच. मजुरांच्या गावी पाण्यावाचून काम नसते, आणि पाखरांच्या मुलखात थंडीने पाणी गोठलेले असते.

चक्रवाक लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी पिले वाढवतो. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांसारखी बदके मध्य आशिया, सैबेरियापर्यंतच्या मुलखातून येतात. करकोचे मंगोलिया आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येतात. हिवाळा संपताना ती परत गेली नाहीत तर त्यांचा वंश वाढणार नाही, आणि येथे पोटभर खायला मिळाले नाही तर परतीचा पल्ला झेपणार नाही. म्हणजे आपल्या शिवारातले चार महिने त्यांच्या वर्षभराच्या जगण्याची शिदोरी असते.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ज्या सभासदांची तोड लवकर झाली त्यांनी तोडीनंतरचा एखादा दिवस काढावा. तोडीची वाट पाहणाऱ्यांनीही हरकत नाही, चिटबॉय एका सकाळीत फड पेटवून द्या म्हणणार नाही! सकाळी दिवस उगवायच्या आत काठावर पोचावे. ऊन तापल्यावर पाखरे लांब पाण्यात स्वस्थ बसतात, मग काळे ठिपके मोजत बसावे लागते.

४. कोण कोठे? चोच, पाय आणि पाण्याची खोली

चापडगावच्या बाजूने गेल्यास काठाकाठाने पायी चालत निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जाता येते. खानगाव थडीच्या बाजूनेही पाण्याजवळ जाता येते. मनोऱ्यावर चढले की सगळेजण एकदम विचारतात, "हा कोणता? तो कोणता?" अशाने काही लक्षात राहत नाही. आम्ही एक सोपी रीत सुचवतो. आधी पाण्याची खोली पाहा, मग तेथे उभा असलेल्याचे पाय पाहा, मग चोच पाहा. शेतकऱ्याला हे सोपे आहे. कोळपणीला एक औत, सरी पाडायला दुसरे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाखरांची अवजारे त्यांच्या अंगावरच असतात.

(अ) ओला चिखल आणि वीतभर पाणी. येथे शेकाट्या दिसेल. पाय काडीसारखे लांब, गुलाबी, चोच सुईसारखी. चिखलातले किडे वेचतो. बाजूला काळे-पांढरे शराटी वाकड्या, विळ्यासारख्या चोचीने चिखल उकरताना दिसतील. कालव्याला पाणी जाऊन पातळी उतरली की असा चिखल अधिक उघडा पडतो, आणि या मंडळींची चंगळ होते. पाणी तुडुंब असेल तर ती इकडेतिकडे पांगतात. आपली पाळी आणि त्यांचे जेवण असे एकमेकांत गुंतलेले आहे.

(आ) गुडघाभर पाणी. येथे चमचा हा मोठा पांढरा पक्षी पाहावा. चोचीचे टोक खरोखर पळीसारखे चपटे. चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीकडे-उजवीकडे फिरवत चालतो. काही लागले की मिटली. चित्रबलाक हा रंगीत करकोचाही येथेच मासे धरतो. उघड्या चोचीचा करकोचा पाहताना मुलांना विचारा, चोच मिटली तरी मधे फट का राहते? तो गोगलगायी आणि शिंपले खातो. गुळगुळीत शिंपला धरायला ही ठेवण कामी येते.

(इ) पाणवनस्पतींचे गालिचे. येथे कमळपक्षी पानांवरून चालत जातो, बुडत नाही. त्याची बोटे फार लांब असतात, त्यामुळे वजन पसरते. दलदलीतून ट्रॅक्टर काढताना आपण लोखंडी जाळीची चाके लावतो, तोच हिशेब. यांच्यात अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे ही कामे नराकडे असतात. हे ऐकून घरच्या बायका तुमच्याकडे पाहतील, त्याला आमचा इलाज नाही. जांभळी पाणकोंबडी येथे भरपूर. निळा-जांभळा रंग, लाल चोच, लाल पाय. लव्हाळ्यातून चालते आणि कोवळे देठ पायात धरून खाते.

(ई) उघडे पाणी. बदकांचे दोन प्रकार ध्यानात ठेवा. काही पाण्यावर तरंगत मान खाली घालतात, शेपटी वर करतात आणि मान पोचेल तेवढ्या खोलीचे खातात. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते जरा खोल पाण्यातही जेवते. थापट्याची चोच थापीसारखी रुंद असते. तिच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यांतून पाणी गाळून बारीक जीव खातो. दुसरा प्रकार सरळ बुडी मारणाऱ्यांचा. वारकरी नावाचा काळा पक्षीही बुडी मारतो. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून लोकांनी नाव ठेवले वारकरी, आणि राहतोही मोठ्या दिंडीने! हळदीकुंकू बदक मात्र आपल्याकडचेच, परदेशातून आलेले पाहुणे नव्हे. काळ्या चोचीच्या मुळाशी लाल ठिपका आणि टोकाला पिवळा, की झाले हळदीकुंकू.

(उ) काठ, झाडे आणि आकाश. वठलेल्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसलेला दिसेल. त्याची पिसे भिजतात, म्हणून बुड्या मारून झाल्या की तो ती वाळवतो. तारेवर खंड्या असतो. आणि एकाएकी सगळी बदके भर्रकन उडाली तर वर पाहा, शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

पहिल्या दिवशी दहा पक्षी ओळखता आले तरी पुष्कळ झाले. येथे अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे, ती काही एका रविवारात व्हायची नाही.

५. जाताना पाळायच्या गोष्टी

नाशिकहून किंवा सिन्नर-निफाडहून रस्ता आहे. एका दिवसात जाऊन-येऊन सहज होते. प्रवेशाची वेळ आणि शुल्क वनखात्याकडे आधी विचारून घ्यावे. वाटाड्या मिळाला तर अवश्य घ्यावा. गावच्या पोरांची नजर तयार असते. कपडे मातकट, हिरवट रंगाचे असावेत. मोठ्याने बोलू नये, मोबाईलवर गाणी लावू नयेत, पाखरू उडावे म्हणून खडा तर मुळीच मारू नये. एकदा उडवलेल्या थव्याला पुन्हा बसायला जी ताकद लागते ती परतीच्या प्रवासाच्या शिदोरीतून खर्च होते. प्लास्टिक, कागद, उरलेले अन्न परत घरी आणावे. गाळाच्या पाण्यात पोरांना उतरू देऊ नये; वरून घोटाभर दिसते आणि आत पाय कंबरेपर्यंत रुततो.

लहान मुलांबरोबर एक वही द्यावी. तारीख, वेळ, पाणी चढलेले की उतरलेले, आणि दिसलेले पक्षी, एवढे लिहावे. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा जाऊन ताडून पाहावे. यालाच अभ्यास म्हणतात.

६. पाण्याबाहेरचे सोबती

पाखरे बंधाऱ्याच्या हद्दीत राहत नाहीत. ती आपल्या शेतात येतात, आणि तेथे त्यांचा-आपला रोजचा व्यवहार आहे.

हुमणीचेच घ्या. हुमणीची अळी उसाची मुळे कुरतडते आणि बघता बघता बेट वाळते. उन्हाळी नांगरट केली की अळ्या आणि कोष उघडे पडतात, आणि गायबगळे, साळुंक्या, कावळे, कोतवाल नांगरामागे रांगेने चालतात. ही फुकटची मजुरी आहे. पण ट्रॅक्टर भाड्याचा, म्हणून रात्री नांगरट केली, तर मजूर झोपलेले! सकाळी उजाडल्यावर नांगरट करावी हा सल्ला म्हणूनच आहे. गव्हाणी घुबडाला आपण अशुभ मानतो, आणि ते रात्रभर आपल्याच फडातले उंदीर खाते.

नुकसान होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. करकोचे हरभऱ्यात उतरतात, पाणकोंबड्या काठच्या पिकात घुसतात. काठच्या शेतकऱ्याला त्याची झळ बसते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यावर विष टाकणे हा उपाय नव्हे. उसात हुमणीसाठी सर्रास वापरले जाणारे फोरेट डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून देशात पूर्ण बंद झाले आहे. कोणाच्या कोठीत जुना डबा पडला असेल तर तो वापरू नये, ओढ्यात तर कदापि टाकू नये.

गिधाडांची गोष्ट तर गोठ्यातली आहे. या परिसराच्या नोंदीत गिधाडांच्या दोन जाती आहेत, आणि दोन्ही नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे त्याचे मोठे कारण ठरले. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. माणसांसाठीचे इंजेक्शन गाईला टोचायचा मोह कोणी करू नये. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे, ते डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

राहिला बिबट्या. उसाचा फड म्हणजे त्याला दाट रानासारखाच, आणि मादी त्यातच पिले घालते. तोडीच्या वेळी बछडे सापडले तर हात लावू नये, उचलून घरी आणू नये, फोटोसाठी गर्दी करू नये. तोड तेवढ्यापुरती थांबवून वनखात्याला कळवावे. १९२६ हा त्यांचा मदत क्रमांक आहे. बछडी जागेवर राहिली तर आई रात्री येऊन नेते. पिलू हरवलेली मादी आसपास हिंडत राहिली तर धोका तोडमजुरांच्या कोप्यांना आणि त्यांच्या लेकरांना असतो, हे विसरू नये.

७. पाण्यावरचे संकट आणि त्यात आपला वाटा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मनोऱ्यावरून पाहताना पाण्यावर हिरव्यागार, जाड पानांचे थर दिसतील. जांभळी फुले आली की दिसायलाही सुरेख. ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. चांगले खाद्य मिळाले तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे छत पडले की खाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, आणि वर जो उथळ पाण्याचा कोठार आम्ही वर्णन केला त्याला कुलूप लागते. तीच जलपर्णी कालव्यात आली तर दरवाजात आणि चारीत अडकून आपले पाणीही अडवते.

हिचे खाद्य कोणते? जे उसाचे खाद्य तेच. नत्र आणि स्फुरद. ते येते कोठून? शहरांच्या आणि गावांच्या सांडपाण्यातून येते. प्रक्रिया न करता सोडलेल्या कारखान्यांच्या आणि आसवन्यांच्या पाण्यातून येते. आणि शेतातून येते. मोकाट पाणी देऊन वर युरिया फेकला तर त्यातले निम्मे नत्रसुद्धा पुष्कळदा उसाच्या अंगी लागत नाही. उरलेले हवेत उडते, जमिनीत खाली जाते, किंवा ओढ्याने नदीला जाते. म्हणजे आपण पैसे देऊन विकत घेतलेल्या गोणीतला वाटा जलपर्णी खाते.

गाळाचेही तसेच. थोडा गाळ आला म्हणून तळे उथळ झाले, पाखरे आली, हे खरे. पण गाळ येतच राहिला तर पाण्याची जागा माती घेईल. उथळ पाण्याचे पुढे दलदल होते आणि दलदलीचे बाभळीचे रान होते. तेव्हा पाखरेही नाहीत आणि वळवायला पाणीही नाही. आणि तो गाळ म्हणजे कोणाची तरी सुपीक वरची माती असते. काळी, भुसभुशीत, ज्यावर आपण शेणखत टाकले ती. एका वळवात ती जाते, पुन्हा तयार व्हायला पिढ्या लागतात.

आपले काही सभासद बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहेत, काही खाली. वरच्यांची माती आणि खत तळ्यात येते. खालच्यांना तळ्याचे पाणी मिळते, आणि त्यांचा निचरा पुढे जायकवाडीला जातो, तेथेही पाखरे आहेत आणि पिणारी माणसे आहेत. सर्वांचा सातबारा वेगळा, पण पाणी एकच.

८. घरी आल्यावर काय करावे?

पहिले, पाचट जाळू नये. तोडीनंतर हेक्टरी ८ ते १० टन पाचट राहते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. खोडव्यात एकाआड एक सरीत पाचट पसरले की माती धुपत नाही, ओल टिकते, तण दबते. काडी ओढली की दहा मिनिटांत हे सगळे धूर होऊन जाते, बरोबर बांधावरची घरटीही जातात.

दुसरे, खत मातीआड करावे आणि हप्त्याने द्यावे. माती तपासून मात्रा ठरवावी. ठिबक असेल तर पाण्यातूनच द्यावे. ठिबकने पाण्याची ४० ते ५० टक्के बचत होते, आणि खतही मुळाशीच राहते.

तिसरे, बांध आणि ओढ्याकाठी हिरवा पट्टा राखावा. ओढ्याच्या काठापर्यंत औत घालून चार सऱ्या वाढवण्याचा मोह आवरावा. करंज, उंबर, जांभूळ, बांबू, आणि खाली गवत असा पट्टा असला की माती तेथेच अडते आणि पाखरांना बसायला जागा होते.

चौथे, फवारणीचे पंप आणि रिकामे डबे ओढ्यात, विहिरीवर किंवा कालव्यात धुऊ नयेत.

पाचवे, सभेत प्रश्न विचारावा. आपण भागधारक आहोत. साखर उतारा, भाव, तोडणी-वाहतूक यांवर आपण तासतास बोलतो. कारखान्याचे सांडपाणी कोठे जाते, प्रक्रिया रोज होते का, हेही वार्षिक सभेत विचारावे. तो प्रश्न संचालकांना अडचणीत आणण्यासाठी नाही. मालकाने आपल्या घराची मोरी कोठे निघते ते पाहावे, तसेच हे.

९. एक नेहमीची शंका

"अभयारण्य म्हणजे आमच्या जमिनीवर सरकारचा शिक्का. पाखरांचे कौतुक करायचे आणि उद्या विहीर खोदायला परवानगी मागत फिरायचे!" काठच्या गावांतले सभासद असे बोलतात, आणि ही भीती उगीच आहे असे आम्ही म्हणत नाही. १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात गावे आहेत, पिके आहेत, पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट आहे. रामसर स्थळाचे क्षेत्र त्यामानाने लहान, सुमारे १,४३७ हेक्टर आहे. नियम काय, कोणत्या गटाला किती लागू, हे ग्रामसभेत वनखात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून कागदावर समजून घ्यावे. ऐकीव गोष्टींवर भांडण करू नये आणि हक्कही सोडू नये. पीक-नुकसानीच्या भरपाईची मागणी असेल तर पंचनामा करून रीतसर करावी.

पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी आहे. ते पाणी स्वच्छ आणि उथळ राहिले तर पाखरे राहतील. स्वच्छ आणि वाहते राहिले तर आपले कालवे राहतील. पाण्यावर पाखरे कमी दिसू लागली तर समजावे की वर कोठेतरी काही बिघडले आहे, आणि ते पाणी पुढे आपल्याच सरीत येणार आहे.

स्वाध्याय

घरच्या विद्यार्थ्यांनी आणि थोरांनीही पुढील प्रश्नांची उत्तरे जागेवर जाऊन शोधावीत.

१) कादवा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या पाण्याच्या रंगात त्या दिवशी फरक होता का? का असावा?
२) वीतभर पाण्यात आणि उघड्या पाण्यात मिळून किती प्रकारच्या चोची दिसल्या? चित्र काढा.
३) जलपर्णी पाण्याच्या कोणत्या भागात जास्त आहे? तेथे पाखरे किती?
४) आपल्या शेतातून पहिल्या पावसाचे पाणी कोणत्या ओढ्याला जाते? तो ओढा पुढे कोणत्या नदीला मिळतो? कागदावर नकाशा काढा.
५) आपल्या बांधावर एका सकाळी किती जातीची पाखरे बसतात?

चौथ्या प्रश्नाचा नकाशा ज्यांनी काढला असेल त्यांनी तो गट कार्यालयात आणून द्यावा. पुरेसे नकाशे जमले तर ते एकत्र लावून पुढच्या एखाद्या अंकात छापण्याचा आमचा विचार आहे. कोणाच्या शेतातले पाणी कोठे जाते, हे सर्वांनी एकदा एका कागदावर पाहू या.